फुकटच्या पिशवीचे देणे

(छत्रपती संभाजीनगर येथे ग्राहक प्रबोधनाच्या निमित्ताने झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



शहरातील कोणत्याही मोठ्या दुकानात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हमखास दिसणारे एक दृश्य आहे. गृहिणीने महिन्याचे सामान ढकलगाडीत भरलेले असते. घरून आणलेली कापडी पिशवी दारावरच्या रखवालदाराने टोकन देऊन ठेवून घेतलेली असते. काउंटरवरचा तरुण एकेक वस्तू यंत्रासमोर धरतो आणि शेवटी मान वर न करता विचारतो, "पिशवी हवी का?" मागे रांग खोळंबलेली असते, हातात सुटे सामान असते. बाई म्हणतात, "द्या." बिलात आणखी काही रुपये चढतात आणि दुकानाचे नाव ठळक अक्षरांत छापलेली पिशवी हातात येते. घरी जाऊन बिल पाहिल्यावर त्या माउलीच्या मनात प्रश्न उभा राहतो : सामान विकत घेतले, मग ते नेण्याचेही पैसे का?

त्याच संध्याकाळी औरंगपुऱ्यात भाजी विकणाऱ्या मावशींपाशी वेगळेच चालू असते. पाव किलो मिरची घेणारा ग्राहक मिरचीसाठी एक, कोथिंबिरीसाठी दुसरी आणि दोन्ही मिळून धरायला तिसरी पिशवी मागतो. मावशी ती देतात, कारण दिली नाही तर ग्राहक शेजारच्या हातगाडीकडे वळतो. पिशवीचे पैसे मागण्याची त्यांची प्राज्ञा नाही. उलट महापालिकेचे पथक आले, तर दंडाची पावती त्यांच्याच नावाने फाटते.

एकीकडे पिशवीचे दाम घेतले म्हणून ग्राहक रागावतो, दुसरीकडे ती फुकट दिली म्हणून विक्रेता दंड भरतो. मग न्याय कशात आहे? पिशवीला किंमत लावणे हा ग्राहकावर अन्याय आहे, की ती फुकट देणे हा आणखी कुणावर तरी अन्याय आहे? विषय दोन-पाच रुपयांचा वाटतो, परंतु त्याचा धागा ओढू लागले की तो थेट या शहराच्या एका दुखऱ्या आठवणीपर्यंत जाऊन पोहोचतो.

फुकट काहीच नसते

आपल्याकडे 'फुकट ते पौष्टिक' असे गमतीने म्हटले जाते. व्यापारात मात्र फुकट असे काही नसते. दुकानदार पिशव्यांचे गठ्ठे घाऊक बाजारातून पैसे मोजूनच आणतो. तो खर्च भाड्यात, विजेच्या बिलात, नोकरांच्या पगारात जसा मिसळतो तसाच मालाच्या भावात मिसळतो. म्हणजे पिशवी 'फुकट' असते तेव्हाही तिचे पैसे ग्राहकच देत असतो, फक्त ते त्याला दिसत नाहीत.

यातील खरा अन्याय निराळाच आहे. जी आजी घरून पिशवी नेते तिलाही मालाचा तोच भाव पडतो आणि जो तरुण रिकाम्या हाताने जाऊन चार पिशव्या घेऊन येतो त्यालाही तोच भाव पडतो. शिस्तीने वागणारा माणूस बेशिस्त माणसाचा खर्च मुकाट्याने भरतो. पिशवीची किंमत वेगळी काढून दाखविली, तर निदान एवढे होते की ज्याने पिशवी घेतली त्याने तिचे पैसे दिले आणि ज्याने घेतली नाही त्याचे वाचले. तत्त्व म्हणून यात वावगे काही नाही.

पण हा झाला पिशवीच्या दुकानापर्यंतच्या प्रवासाचा हिशेब. तिचा दुकानानंतरचा प्रवास अधिक लांबचा आहे. बाजारातून घरापर्यंत ती फार तर अर्धा तास उपयोगी पडते. त्यानंतर ती कचऱ्यात जाते, नाल्यात जाते, गाईच्या पोटात जाते. पातळ पिशवीची अडचण अशी की तिला भंगारातही मोल नाही. कचरा वेचणारी भगिनी पुठ्ठा उचलते, बाटली उचलते, कारण त्यांचे वजन भरते. पातळ, मळलेल्या पिशव्या शेकड्यांनी गोळा कराव्यात तेव्हा कुठे किलोभर वजन होते, आणि एवढे करूनही त्याला भाव येत नाही. म्हणून सर्व काही वेचले गेल्यावर मागे उरते ती पिशवी. तिला उचलण्याचे, वाहून नेण्याचे, कुठेतरी साठवून ठेवण्याचे देणे मागे राहते. ते देणे कुणी फेडले, हे या शहराला २०१८ साली कळले.

नारेगावने भरलेले बिल

तेव्हाच्या औरंगाबाद शहराचा रोजचा चारशे टनांहून अधिक कचरा नारेगावच्या डेपोत जाऊन पडत होता. ही पद्धत तीन दशकांहून अधिक काळ चालू होती. कचरा वेगळा करणे नाही, त्यावर प्रक्रिया नाही. शहरातील घर स्वच्छ राहावे म्हणून नारेगाव-मांडकी परिसरातील माणसांनी दुर्गंधी, माश्या, मोकाट कुत्री, उन्हाळ्यात पेटणाऱ्या ढिगांचा धूर आणि विहिरींचे नासलेले पाणी सोसले. ज्यांनी कधी गुलमंडीवर खरेदी केली नसेल, त्यांच्या शेताच्या बांधावर गुलमंडीच्या पिशव्या उडत येऊन पडत होत्या.

१६ फेब्रुवारी २०१८ रोजी ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या आणि त्या पुन्हा आत येऊ दिल्या नाहीत. पाहता पाहता शहराच्या रस्त्यांवर, चौकांत, वसाहतींच्या तोंडाशी कचऱ्याचे ढीग उभे राहिले. महापालिका नव्या जागा शोधू लागली, परंतु जिथे गाडी जाई तिथे गाव आडवे येई. ७ मार्च २०१८ रोजी मिटमिट्यात दगडफेक, लाठीमार आणि जाळपोळ झाली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नारेगावात कचरा टाकण्यास मनाई केली. प्रकरण विधिमंडळात गाजले आणि पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठविण्याची घोषणा सभागृहात झाली. पर्यटन नगरी म्हणून मिरविणाऱ्या नगरीची ओळख काही महिने कचऱ्याची नगरी अशी झाली.

नारेगावच्या लोकांना त्या दिवसांत अनेकांनी आडमुठे म्हटले. शांतपणे विचार केला तर दिसते की ते ग्रामस्थ एक साधा प्रश्न विचारीत होते : खरेदी तुमची, सोय तुमची, मग कचरा आमच्या दारात का? 'ज्याचे जळते त्याला कळते' ही म्हण त्यांच्या बाबतीत शब्दशः खरी होती. फुकटच्या पिशवीचे बिल इतकी वर्षे तेच भरत होते.

त्या संकटाने शहराला पुढे काही शिकविले, हेही नमूद केले पाहिजे. चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल येथे प्रक्रिया केंद्रे आणि कांचनवाडीला बायोगॅस प्रकल्प उभारण्याची वाट त्यातूनच निघाली. ओला-सुका कचरा वेगळा करण्याची भाषा घराघरांत पोहोचली. खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम सुरू झाले आणि नदीपात्रातून प्रथम उपसावा लागला तो कचराच. ही खाम पुढे गोदावरीला मिळते, तिचे पाणी जायकवाडीच्या नाथसागरात जाते आणि शहराची तहान भागते ती त्याच नाथसागरावर. पाणचक्कीजवळ पुलावरून भिरकावलेली पिशवी माणसाला वाटते तितकी दूर जात नाही.

कायद्याची कोलांटउडी

पिशवीला किंमत लावावी हा विचार कायद्यात नव्हता असे नाही. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तुंबलेल्या गटारांबरोबर प्लास्टिकच्या पिशव्यांची चर्चा राज्यभर झाली आणि २००६ साली महाराष्ट्राने अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा केला. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०११ च्या नियमांत तर स्पष्टच म्हटले होते की कोणत्याही विक्रेत्याने ग्राहकाला पिशवी विनामूल्य देऊ नये. पिशवीची किमान किंमत नगरपालिकेने ठरवावी आणि त्या किमतीत पिशवीच्या मालाबरोबरच तिच्या कचऱ्याच्या व्यवस्थेचा खर्चही यावा, असा त्यामागचा विचार होता. विचार उत्तम होता. परंतु किंमत ठरविण्याचे काम ज्यांच्याकडे सोपविले, त्या नगरपालिकांपैकी फारच थोड्यांनी ते मनावर घेतले.

मार्च २०१६ च्या नव्या नियमांत पद्धत बदलली. ज्या दुकानदाराला किंवा पथविक्रेत्याला प्लास्टिकची पिशवी द्यायची असेल त्याने स्थानिक संस्थेकडे नोंदणी करावी आणि महिना किमान ४ हजार, म्हणजे वर्षाला ४८ हजार रुपये शुल्क भरावे. मॉलला हे शुल्क जाणवणारही नाही आणि भाजीवाल्याच्या ते कल्पनेतही बसणार नाही. मोठ्याला परवाना आणि लहानाला मनाई, असा त्याचा व्यवहारातील अर्थ झाला.

पुढचा योगायोग विलक्षण आहे. शहराच्या रस्त्यांवर कचरा कुजत होता त्याच दिवसांत, २३ मार्च २०१८ रोजी, महाराष्ट्राने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी जाहीर केली. त्यानंतर चारच दिवसांनी, २७ मार्च २०१८ रोजी, केंद्राने पिशवीच्या किमतीविषयीचा नियमच रद्द केला. राज्याने पिशवी बंद केली आणि केंद्राने पिशवीची किंमत बंद केली. बंदी कागदावर कडक होती : पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्या वेळी २५ हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कारावास. पुढे केंद्राने पिशवीची किमान जाडी सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि डिसेंबर २०२२ च्या अखेरीपासून १२० मायक्रॉन केली. पातळ पिशवी मात्र आजही हातगाडीखालच्या गोणीतून निघतेच. आणि मोठ्या दुकानांत प्लास्टिकच्या पिशवीची जागा कागदी, कापडी किंवा कापडासारख्या दिसणाऱ्या पिशवीने घेतली. ती कापडासारखी दिसणारी पिशवीही बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. फरक एवढाच पडला की पूर्वी जी सोय होती ती आता विक्रीची वस्तू झाली.

ग्राहकाचा विजय आणि त्याची मर्यादा

या विक्रीला दणका बसला चंदीगडमध्ये. पादत्राणांच्या प्रसिद्ध बाटा कंपनीच्या दुकानात एका ग्राहकाच्या ४०२ रुपयांच्या बिलात कागदी पिशवीचे ३ रुपये लावले गेले. पिशवीवर कंपनीची जाहिरात होती. ग्राहकाचे म्हणणे होते की जाहिरात तुमची, ती मिरविणार मी, आणि पैसेही मीच द्यायचे? एप्रिल २०१९ मध्ये तेथील जिल्हा ग्राहक मंचाने ३ रुपये परत करण्याचा, नुकसानभरपाई व खर्च देण्याचा आणि ग्राहक साहाय्य निधीत ५ हजार रुपये भरण्याचा आदेश दिला. तीन रुपयांसाठी न्यायाची पायरी चढणाऱ्या त्या ग्राहकाचे कौतुकच केले पाहिजे. रक्कम लहान असली तरी तत्त्व लहान नव्हते.

त्यानंतर २२ डिसेंबर २०२० रोजी बिग बझारच्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने महत्त्वाचा निर्णय दिला. तिथे पिशवीचे १८ रुपये आकारले होते. सामान निवडून झाल्यावर, पैसे देण्याच्या क्षणी, पूर्वसूचना न देता आणि पिशवीचा तपशील न सांगता तिची किंमत लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे आयोगाने ठरविले. दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी आणि माल निवडण्यापूर्वी ही गोष्ट कळणे हा ग्राहकाचा अधिकार आहे, असे त्यामागील सूत्र होते. १९३० च्या माल विक्री कायद्यातील एक कलमही या वादांत पुढे येते. वेगळा करार नसेल, तर माल सुपूर्द करण्याजोग्या स्थितीत आणण्याचा खर्च विक्रेत्याने सोसावा, असे ते कलम सांगते.

हे निर्णय योग्यच आहेत. रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या अडचणीचा फायदा घेणे म्हणजे व्यापार नव्हे. परंतु त्यांची मर्यादाही ओळखली पाहिजे. हे वाद दोन पक्षांचे होते, ग्राहक आणि दुकानदार. नारेगाव तिथे पक्षकार नव्हते. या निर्णयांचा अर्थ कुणी 'आता पिशवी फुकट मिळालीच पाहिजे' असा घेतला, तर काउंटरवर ग्राहकाची सुटका होईल आणि बिल पुन्हा कुठल्यातरी गावाच्या वेशीवर जाऊन पडेल. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तेव्हा ग्राहकाला संघटित करण्याबरोबर त्याला आपल्या कर्तव्याची जाण देणे हाही तिचा भाग होता. मुंबई ग्राहक पंचायतीच्या कुटुंबांनी एकत्र येऊन माल मागवायचा आणि आपापसांत वाटून घ्यायचा ही जी रीत घातली, तीत ग्राहक नुसता मागणारा राहिला नाही, जबाबदारी घेणारा झाला. ग्राहकाच्या हक्काची लढाई नागरिकाच्या कर्तव्यापाशी येऊन थांबली, तर ती अर्धीच राहते.

पैसा जातो कुठे?

म्हणून प्रश्न 'किंमत घ्यावी की नाही' एवढाच ठेवून चालणार नाही. ती किंमत जाते कुठे, हे विचारले पाहिजे.

आयर्लंड हा जेमतेम आपल्या एखाद्या मोठ्या शहराएवढ्या लोकसंख्येचा देश. तिथे ४ मार्च २००२ पासून प्रत्येक प्लास्टिक पिशवीवर १५ सेंटचा आकार लागू झाला. दुकानदाराने तो स्वतः सोसायचा नाही, ग्राहकाकडूनच घ्यायचा, बिलात वेगळा दाखवायचा आणि पूर्ण रक्कम शासनाकडे भरायची. ती रक्कम पर्यावरणासाठीच्या स्वतंत्र निधीत जाते. माणशी वर्षाला ३२८ पिशव्या वापरणारा तो समाज अल्पावधीत २१ पिशव्यांवर आला. लोकांनी विरोध केला नाही, कारण दुकानदार आपल्याला लुबाडत आहे असे कुणाला वाटले नाही. ज्याला आकार द्यायचा नसेल त्याला मार्गही मोकळा होता : पिशवी घरून आणावी. इंग्लंडने २०१५ साली मोठ्या दुकानांत ५ पेन्सचा आकार सुरू केला आणि २०२१ साली तो सर्व दुकानांना लागू करून १० पेन्स केला. तिथे ही रक्कम दुकानांनी समाजोपयोगी कामांना द्यावी अशी अपेक्षा आहे.

आपल्याकडे काय होते? ग्राहकाने दिलेले पैसे दुकानाच्या गल्ल्यात जातात. पिशवी दुकानाची जाहिरात करीत फिरते. शेवटी ती कचऱ्यात गेली की तिची विल्हेवाट महापालिका लावते, म्हणजे करदाता लावतो. पिशवीसाठी ग्राहकाने एकदा दुकानात आणि एकदा करातून असे दोनदा मोल मोजले, तरी प्रक्रिया केंद्राला त्यातली दमडीही थेट मिळत नाही. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' असा हा कारभार आहे.

न्यायाच्या चार कसोट्या

यावरून पिशवीच्या आकारणीसाठी चार साध्या कसोट्या सांगता येतील.

पहिली कसोटी उघडपणाची. किंमत दुकानाच्या दारावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेली असावी. ती काउंटरवर कानात सांगण्याची गोष्ट नाही.

दुसरी कसोटी स्वातंत्र्याची. घरची पिशवी आत नेण्यास, निदान काउंटरपर्यंत ती सन्मानाने परत मिळण्यास अडथळा नसावा. ग्राहकाकडून पिशवी काढून घ्यायची आणि मग त्यालाच पिशवी विकायची, ही आकारणी नव्हे, अडवणूक आहे.

तिसरी कसोटी जाहिरातीची. ज्या पिशवीचे पैसे ग्राहकाने दिले, तिच्यावर दुकानाचे नाव नको. नाव छापायचे असेल तर पिशवी दुकानाने आपल्या खर्चाने द्यावी.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी पैशाच्या वाटेची. पिशवीच्या मूळ खर्चावर जे काही घेतले जाईल ते शहराच्या कचरा व्यवस्थेच्या वेगळ्या खात्यात जमा व्हावे आणि त्याचा हिशेब दर वर्षी नागरिकांसमोर यावा. त्यातून कचरा वेचणाऱ्या भगिनींना हातमोजे मिळाले, एखाद्या प्रक्रिया केंद्राभोवती झाडे उभी राहिली, तरी ग्राहकाला आपल्या रुपयाचे सार्थक झाल्यासारखे वाटेल.

या चारही कसोट्यांना उतरणारी आकारणी न्याय्य आहे आणि ती आनंदाने द्यावी. न उतरणारी आकारणी निव्वळ नफेखोरी आहे आणि तिच्याविरुद्ध तक्रार करण्यात कमीपणा नाही.

लहान माणसाचे काय?

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. वाळूजच्या कारखान्यातील पाळी संपवून रात्री घरी निघालेला कामगार वाटेत तेल, मीठ, पीठ घेतो. त्याच्याजवळ पिशवी नसते. दोन-पाच रुपये हे मोटारीतून येणाऱ्याला काहीच नाहीत, त्याला मात्र ते जाणवतात. सर्वांना सारखा दर लावला की तो गरिबालाच जड जातो.

यावर उपाय पुन्हा फुकट पिशवी देणे हा नाही. उपाय आहे ठेवीचा. पूर्वी मुंबईत आरे दुधाची काचेची बाटली रिकामी परत दिल्यावर भरलेली मिळे. सोड्याच्या बाटलीवर ठेव असे. वस्तू परत केली की पैसे परत, अशी ती रीत होती. २०१८ च्या बंदीतही दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परताव्याची तरतूद होती, परंतु ती पिशवी परत घ्यायची कुणी आणि कुठे, याची घडी बसली नाही. मळलेली पातळ पिशवी परत घेणे अवघडच आहे. जाड कापडी पिशवीबाबत मात्र ते सोपे आहे. वसाहतीतील किराणा दुकानदाराने ती ठेव घेऊन द्यावी आणि परत आली की ठेव परत करावी. असे झाले, तर कामगाराचा खिसाही वाचेल आणि नालाही वाचेल.

भाजीवाल्या मावशींचा प्रश्नही असाच आहे. पिशवी तयार करणारा कारखाना आणि ती गठ्ठ्याने विकणारा घाऊक व्यापारी मोकळे राहतात आणि शेवटच्या टोकावरची मावशी पाच हजारांच्या धास्तीत बसते. 'आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी' म्हणतात ते हेच. दिवसाच्या कमाईच्या कितीतरी पट दंड म्हणजे शिक्षा नव्हे, तो संसार मोडणे आहे. कायद्याचा हात आधी उत्पादनाच्या आणि साठ्याच्या ठिकाणी पडला पाहिजे. आणि मावशींना पिशवी द्यायला भाग पाडतो तो ग्राहक आहे, हे तर मुळीच विसरता कामा नये. तो ग्राहक आज या सभागृहातही बसलेला असू शकतो.

घरची पिशवी

उपस्थित माता-भगिनींना पुढची गोष्ट नव्याने सांगण्याची गरज नाही. जुन्या मोंढ्यातून धान्य आणताना पोते, गिरणीवर जाताना डबा, तेलाला बरणी, दुधाला लोटी आणि भाजीला जुन्या लुगड्याची दुहेरी शिवलेली पिशवी, हे सर्व मराठवाड्याच्या घराघरांत होते. फुलपुडी पानात येई, वाणसामान कागदाच्या पुड्यात सुतळीने बांधून येई आणि ती सुतळीसुद्धा गुंडाळून खुंटीला टांगली जाई. याला कुणी पर्यावरण म्हणत नव्हते. तो काटकसरीचा संस्कार होता.

मात्र कापडी पिशवी विकत घेतली म्हणजे कर्तव्य संपले, अशा भ्रमातही राहू नये. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ मधील अभ्यासात असे आढळले की तापमानवाढीचा विचार करता नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरली, तेव्हा कुठे ती एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. कापूस पिकवायला पाणी लागते, सूत काढायला वीज लागते. कापूस पिकविणाऱ्या आणि दुष्काळ सोसणाऱ्या या जिल्ह्याला पाण्याचे मोल दुसऱ्या कुणी शिकवायला नको. प्रत्येक समारंभात वाटलेली आणि कपाटात पडून राहिलेली नवी कापडी पिशवी हीसुद्धा उधळपट्टीच आहे. खरी पिशवी ती, जी जुन्या साडीची, चादरीची शिवली आणि फाटेपर्यंत वापरली. तिच्यासाठी नवा कापूस लागत नाही. अशा पिशव्या शिवण्याचे काम वसाहतीतील महिला बचत गटांना दिले, तर चार घरांना उत्पन्नही मिळेल.

२०२५ च्या प्रयागराज महाकुंभात 'एक थाली, एक थैला' या मोहिमेतून देशभरातील कुटुंबांनी ताटे आणि कापडी पिशव्या पाठविल्या. त्या पिशवीला दर नव्हता, पण मोल होते, कारण ती कुणाच्या तरी घरातून आली होती. कुंभाला जे जमते ते शुक्रवारच्या भाजीबाजाराला जमू नये असे काही कारण नाही. राज्याने ग्रामस्वच्छतेच्या अभियानाला संत गाडगेबाबांचे नाव दिले, ते या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखे आहे. बाबा गावात आले की आधी हातात खराटा घेत आणि कीर्तन रात्री करीत. उपदेशाचा क्रम त्यांनी कृतीनंतरचा ठेवला होता.

तोच क्रम या शहराने पाळावा. महापालिकेकडे पिशवीच्या पैशाचा हिशेब मागावा, दुकानदाराकडे दारावरच्या फलकाचा आग्रह धरावा, गरज पडली तर ग्राहक आयोगाकडे जावे. पण त्याआधी घराच्या दाराशी, चपला ठेवण्याच्या जागेवर एक खिळा ठोकावा आणि त्याला एक जुनी पिशवी अडकवून ठेवावी. खिळ्यावरची ती पिशवी रोज हातात आली, तर काउंटरवरचा तो प्रश्न उरणार नाही, आणि नारेगावसारख्या दुसऱ्या एखाद्या गावाला आपल्या वेशीवर गाड्या अडवून उभे राहण्याची वेळही येणार नाही.